तिसऱ्या रिंगनंतर

शनिवार, १ नोव्हेंबर

आज दीनाचा फोन उचलला गेला नाही.

'दीनाने उचलला नाही' असं मुद्दाम लिहीत नाही. शनिवारी दीना फोन उचलतच नाही. शुक्रवारी दिवेलागणीला काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लावला, की शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत ती गॅस, विजेचं बटण, फोन, कशालाही हात लावत नाही. बेने इस्रायली घरात जन्मली आणि एकाहत्तर वर्षं शब्बाथ असाच पाळत आली. पण बोलायला बंदी नाही, हा निवाडा तिचा तिनेच दिलेला. म्हणून चार वर्षं आमची सोय अशी होती: शनिवारी सकाळी नऊला मी पेणहून फोन लावायचा. रोह्याजवळ वरसेला तिच्या कपाटावर ठेवलेला फोन तिसऱ्या रिंगनंतर आपोआप उचलला जायचा, स्पीकर आपोआप सुरू व्हायचा, आणि दीना खुर्चीतूनच ओरडायची, "जिवंत आहे गो!"

त्या एका ओरडण्यावर ती तिच्या घरात राहते आहे. निसीम, तिचा नवरा, गेला तेव्हा मुलगा नथानियल तिला इस्रायलला, अश्दोदला, घेऊन जायला आला होता. ती जाईना. शेवटी तह झाला. सहा दिवस तो फोन करणार, शनिवारी मी. "ज्या शनिवारी सुहास आंटीला तुझा आवाज येणार नाही, त्या आठवड्यात मी तुला न्यायला येणार," असं त्याने माझ्यासमोर तिला बजावलं होतं. जामीन मी राहिले.

आज पाच वेळा लावला. पाचही वेळा शेवटपर्यंत वाजून बंद झाला. हाताला लागली ती साडी नेसले आणि रोह्याची गाडी पकडली. नागोठण्यापर्यंत रस्ता खणलेला. दीड तास माझे गुडघे पुढच्या सीटवर आपटत होते आणि डोक्यात नको ते येत होतं.

दार कृष्णाबाईने उघडलं. ती शेजारच्या चाळीत राहते. शनिवारी सकाळी येऊन दीनाचा गॅस पेटवते, चहा करून देते.

"काय गो बाय, धावत आलीस? कोन मेला?"

दीना खुर्चीत बसून मुरंब्याशी थंड चपाती खात होती.

"वाजला गो," ती म्हणाली. "म्हटलं आता तिसरीनंतर थांबेल. चार झाल्या, पाच झाल्या. मी त्याच्याकडे बघतेय, तो माझ्याकडे."

"आणि पाचही वेळा बघत बसलीस? एक बोट लावायचं!"

"तू चतुर्थीला मटणाचा एक तुकडा खातेस?"

आम्हा कायस्थांना मटणावरून बोललं की पुढे बोलायला काही उरत नाही, हे तिला शाळेपासून माहीत आहे.

मी फोन तपासला. रात्रीतून तो स्वतःला सुधारून बसला होता. आपोआप उचलण्याचं बटण जिथे होतं, तिथे आता रिंगटोनला रंग निवडण्याची सोय आहे. रिंगटोनला रंग!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

गणेशच्या दुकानात गेले. आमचे दोघींचे फोन त्याच्याकडूनच एकाच दिवशी घेतलेले, एकाच कंपनीचे. गणेश पन्नाशीचा आहे, चष्मा कायम कपाळावर.

"मॅडम, ते काढलंय कंपनीनं. सुरक्षेसाठी."

"कोणाच्या?"

"ते नाय लिहिलंय."

जुनं परत घाल म्हटलं, तर म्हणाला, मागे जायचा रस्ता ते ठेवतच नाहीत. मग काउंटरखालून दुसऱ्या कंपनीचा फोन काढला. त्यात ती सोय आहे. म्हणाला, "हा घ्या आणि विषय संपवा."

मी घेतला नाही. माझी वस्तू मी रीतसर विकत घेतली आहे. रात्रीतून कोणी घरात शिरून टेबलाचा पाय कापून नेला, तर मी नवीन टेबल घ्यायला जात नाही. पाय परत मागते. गणेशने मान हलवली. त्याला पटलं म्हणून नाही, पुढचं गिऱ्हाईक आलं म्हणून.

फोन चाळता चाळता म्हणाला, "मॅडम, तुमचं कॉल वेटिंग बंद आहे. चालू करून देऊ? एकाशी बोलताना दुसऱ्याचा आला तर टूं-टूं वाजतं. नायतर आला होता हेपण कळत नाय."

"मीच बंद केलंय. एंगेज म्हणजे एंगेज."

पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, पहिली पंधरा पेणच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून. दोघांचं बोलणं चालू असताना तिसऱ्याला मी कधी दार वाजवू दिलं नाही, मग तो मामलेदार असो की त्याची बायको. सभ्यता म्हणून काही असते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

परत वरसेला. दर शनिवारी हे मला झेपणार नाही, गुडघे आजच सांगत आहेत.

दीनाने शब्बाथला लागणारं काळ्या मनुकांचं शरबत कालच करून ठेवलं होतं. ओतायला गेली तर अर्धं पेल्याच्या बाहेर. पेला कुठे आहे हे दिसत असून बाहेर. "डावा हात झोपलाय मेला. मान अवघडलीय," म्हणाली आणि फडक्याने पुसायला लागली. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती, मला शिंक आली तरी थर्मामीटर घेऊन येते, आणि स्वतःच्या मानेखाली धड उशी घेत नाही. मी तसं म्हटलं. ती हसली, पण त्यानंतर बराच वेळ उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून दाबत बसली. जणू दवाखान्यात दुसऱ्याच कोणाची तपासते आहे.

शाळेच्या गोष्टी निघाल्या. बोर्डिंगात ख्रिस्ती मुलींना कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, तास असायचा, तेव्हा आम्हा दोघींना बाहेर व्हरांड्यात बसवून रुमालाला दोरे काढायला लावत. आख्ख्या शाळेत एक ज्यू आणि एक कायस्थ, दोघी कुलाबा जिल्ह्यातल्या. सिस्टर बर्नाडेट म्हणायची, व्हरांड्यातल्या मुलींनो, आवाज खाली. साठ वर्षं झाली. आवाज खाली झालेला नाही.

तोडगा मात्र निघाला. शनिवारी सकाळी कृष्णाबाई येतेच, आता नऊच्या आत यायचं. हिरवं बटण तिने दाबायचं.

"माज्याच्यानं व्हईल?" ती म्हणाली.

"गॅस पेटवतेस ना?"

"गॅस काय बोलत नाय माज्याशी."

बुधवार, १२ नोव्हेंबर

नथानियलचा फोन. "आंटी, शनिवारचं नीट चाललंय ना? मम्मी हल्ली बोलताना मधेच थांबते."

"विचार करून बोलते. तुझ्या पिढीला सवय नाही," मी म्हणाले. शनिवारचं नीट चाललंय, असंही सांगितलं. कृष्णाबाई दाबणारच आहे, म्हणजे तसं खोटं नाही.

तरी इथे लिहायला हरकत नाही. त्याला खरं सांगितलं तर तो तिला घेऊन जाईल. ती तिकडे सहा महिने जगणार नाही असं मी सगळ्यांना सांगते. मी इकडे किती जगेन, ते कोणी विचारत नाही. तिला इथे राहू देण्यात तिची बाजू किती आणि माझी किती, हे मी अजून तपासलेलं नाही. तपासणारही नाही बहुधा.

शनिवार, १५ नोव्हेंबर

९.००. पेण ते वरसे. सातव्या रिंगला उचलला.

"हालो! हालो! व्हय, हाय गो बाय! चांगली हाय! चपाती खाल्लान!" कृष्णाबाईला वाटतं, पेणपर्यंत आवाज तिलाच पोचवायचा आहे. मागून दीनाचं हसणं, आणि मग, "जिवंत आहे गो, पण बहिरी झाले!"

म्हणजे चाललं. पण एवढ्याने कंपनीची सुटका नाही. आज लेखी तक्रार इंग्रजीत पाठवली, आठ मुद्दे. सिस्टर बर्नाडेटने व्याकरणाला शंभर दिले असते. दोन मिनिटांत उत्तर: आपल्या अमूल्य प्रतिक्रियेबद्दल आभार. आठ मुद्दे दोन मिनिटांत कोणी वाचत नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज सकाळी पोह्याच्या पापडांबद्दल विचारायला दीनाला फोन केला. उचलेना. पुन्हा केला. आज शुक्रवार, आज उचलायला काय झालं? कृष्णाबाईला लावला, तिचा नंबर मागच्या खेपेला घेऊन ठेवला होता.

"अगो बाय, तिनं आज शनवार पाळलान! काल संध्याकाळलाच दिवा लावलान. मी गॅस पेटवाया नाय गेले, तर चाय नाय, काय नाय, तशीच बसलीय. मी बोलले आज शुक्रवार हाय, तर कॅलिंडर मागितलान."

अर्ध्या तासाने दीनाचाच फोन आला. हसत होती. "दोन दिवस ओळीने पाळते आता. जास्तीचा म्हणून देव परत थोडाच करणार आहे?"

मी तिला भरपूर छळलं. तिचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडायचे, म्हणून इकडे त्यांना शनिवार तेली म्हणत. मी म्हटलं, तुमच्या बैलांना तरी वार कळत होता. ती खूप हसली. मग म्हणाली, "नथानियलला नको सांगू हां. त्याला विनोद कळत नाहीत."

सांगायचं काय त्यात? वय झालं की वार चुकतात. मीही परवा बुधवारी सोमवारचा कचरा बाहेर ठेवला.

कृष्णाबाईने नंतर पुन्हा फोन करून सांगितलं, की दीनाबाईची चाल वाकडी पडते आणि आमटीत मीठ दोनदा घातलान. कृष्णाबाईला सगळ्यातच काहीतरी दिसतं. मागच्या वर्षी तिला चिंचेवर बाई दिसली होती.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

कंपनीने कळवलं की माझं तिकीट बंद करण्यात आलं आहे. तक्रारीला ते तिकीट म्हणतात.

तिकीट हा शब्द मी त्यांच्या आधीपासून वापरते. ट्रंक कॉल बुक झाला की आम्ही तिकीट करायचो: कुठून, कुठे, किती वाजता. बोलणं झालं की वेळ लिहून तिकीट बंद. झालं नाही तर का झालं नाही ते लिहायचं. उत्तर नाही, लाईन खराब, एंगेज, जे असेल ते, आणि खाली ऑपरेटरची सही. कारण न लिहिता तिकीट ठेवून शिफ्ट सोडली, तर दुसऱ्या दिवशी सुपरवायझरसमोर उभं राहावं लागायचं. यांनी माझं तिकीट कारणाशिवाय बंद केलं!

दुपारी दीड तास भांडून त्यांच्या सुपरवायझरची वेळ मिळवली. शनिवारी सकाळी दहा ते अकरा, फोन मीच करायचा. कृष्णाबाई गुरुवारी डोलवीला चालली आहे, लेकीचं बाळंतपण. जावई तिथल्या स्टीलच्या प्लँटमध्ये कंत्राटावर, त्याला रजा नाही. म्हणजे या शनिवारी वरसेला बटण दाबायला कोणी नाही. सकाळ माझी मोकळीच.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

संध्याकाळी पाचला दीनाला फोन. लाईन भयंकर. तिचा आवाज जाड येत होता, शब्द एकमेकांना चिकटून, 'शरबत' मला दोनदा विचारावं लागलं. पस्तीस वर्षं माझे कान याच कामाला लावलेले आहेत, लाईनचा दोष कोणता आणि माणसाचा कोणता हे मला झोपेतही कळेल. हा लाईनचा. त्या अपडेटने आवाजाचीही वाट लावली आहे. तक्रारीत नववा मुद्दा घातला.

"उद्या येतेस?" तिने विचारलं. "कृष्णाबाई नाहीये. एकटीला शरबत संपत नाही."

"उद्या दहाला माझं त्या सुपरवायझरशी आहे. रविवारी सकाळी पहिल्या गाडीने येते."

मग म्हणाली, "सुहास, तू त्यांना काय सांगणार?"

"की म्हाताऱ्या माणसांचा एकेक आधार हे लोक विचारल्याशिवाय काढून घेतात."

"चांगलं आहे. तसंच सांग." मग, "बरं, रविवारी तर रविवारी. दिवा लावते, उजेड चाललाय."

शनिवार, २९ नोव्हेंबर

नऊ वाजता हात सवयीने फोनकडे गेला. मग आवरला. उचलणार कोण? नुसती वाजवून तिला कशाला त्रास द्या.

१०.०४ ते १०.५१. पेण ते कंपनी.

पहिली बावीस मिनिटं नुसती धून. दर मिनिटाला एक बाई सांगायची, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. जागेवरून उठले नाही, कान हलवला नाही. मग सुपरवायझर आली, मृणाली म्हणून. मी नऊचे नऊ मुद्दे मांडले. आवाज एकदाही चढवला नाही. आज मला माझंच कौतुक वाटलं. तिने सुरक्षा सांगितली, मी विचारलं कोणाची. तिने धोरण सांगितलं, मी विचारलं कोणी ठरवलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती एकदम मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, माझ्या आजीच्या फोनमध्येपण होतं ते."

"मग आता तिचं कसं करता?"

मागे दुसऱ्या मुलींचे आवाज येत होते. मग पुन्हा इंग्रजी सुरू. आणखी काही मदत हवी आहे का, आपली सूचना वरपर्यंत पोचवली जाईल.

म्हणजे मिळालं काही नाही. पण ऐकून तर घ्यावं लागलं. पंचवीस मिनिटं एका माणसाला माझं ऐकावं लागलं. जेवण चांगलं गेलं. दुपारी पापड बांधले, उद्या दीनाला सगळं तपशीलवार सांगायचं आहे. आजीचं ऐकून तिला वाईट वाटेल.

रविवार, ३० नोव्हेंबर

दीना गेली.

मंगळवार, २ डिसेंबर

क्रमाने लिहिते.

रविवारी सव्वाआठला वरसेला पोचले. बेल वाजवली, हाक मारली. दारावर शेजारच्या नव्या इमारतीची सावली, तिकडच्या खिडक्या सगळ्या बंद. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. ती खुर्ची आणि कपाट यांच्या मधे पडली होती. पेल्यातलं तेल जळून संपलेलं. फोन तिच्याजवळ जमिनीवर, बंद पडलेला. मला वाटलं, पडताना तिचा धक्का कपाटाला लागून खाली आला असेल.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. आधी छोटे झटके येऊन गेले असणार, हात बधिर होणं, बोलणं जड होणं, वार न आठवणं. नर्स होत्या ना, त्यांना कळलं असणारच. मी वेळ विचारली. म्हणाले, शनिवारी दुपारनंतर केव्हातरी.

नथानियलला मी कळवलं. त्याला विमान मंगळवारचं मिळत होतं. दफन तोवर थांबवत नाहीत. "तुम्ही करा, आंटी. पण दहा पुरुष हवेत," एवढंच तो म्हणाला. त्यांच्या प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, नऊ चालत नाहीत. एके काळी पेणला आणि रोह्याला हाक मारली की वीस उभे राहायचे. आता दहा गोळा करायला जिल्हा पालथा घालावा लागतो. नंबर सगळे दीनाच्या फोनमध्ये. तो चार्जिंगला लावला, चालू केला. उघडल्यावर पहिली जी यादी समोर आली ती मी पाहिली आणि बंद केली. त्याबद्दल आज लिहिणार नाही.

माझ्या फोनवरून लावले तर अनोळखी नंबर म्हणून कोणी घेईना. मग तिच्याच फोनवरून लावायला लागले. अलिबागच्या जोशुआने पहिल्या रिंगला उचलला. "बोल गो दीना! कशी काय आठवण झाली?"

पनवेलला, रेवदंड्याला, ठाण्याला, चौदा घरं. चौदा वेळा तिच्या नावाने हाक आली आणि चौदा वेळा मला सांगावं लागलं, की दीना नाही, मी बोलते आहे. एक म्हातारे तर तिला रागवायलाच लागले, इतके महिने फोन का नाही म्हणून. मी त्यांना पूर्ण रागवू दिलं. मधे तोडायचं कसं ते पहिल्यांदाच सुचलं नाही.

सोमवारी सकाळी अकरापर्यंत नऊ जमले होते. दहावे ठाण्याहून पाऊण वाजता आले, ऐंशीच्या वर, दोन माणसांनी धरून गाडीतून उतरवले. डोलवीहून कृष्णाबाई आली होती. कोपऱ्यात उभी राहून सारखं तेच म्हणत होती, "मी असते तर गॅस पेटवाया गेले असते गो." कोणी तिला गप्प केलं नाही. मीही नाही.

नथानियल जोशुआच्या फोनवर होता. सगळं झाल्यावर त्याने मला मागितलं.

"आंटी, शनिवारी ती बोलली होती? जिवंत आहे म्हणाली होती?"

मग मी त्याला कंपनीचं सांगितलं. अपडेट, बटण, एक नोव्हेंबरपासून सगळं. तो ऐकत होता. पडद्यावर त्याचा चेहरा मधूनमधून थिजत होता. लाईनमुळे का त्याच्यामुळे, मी सांगू शकले नाही.

"एक नोव्हेंबर," तो म्हणाला. "मी बारा तारखेला विचारलं होतं."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. चढवला नाही. "तुम्ही खूप केलंत, आंटी," म्हणाला आणि जोशुआला फोन द्यायला सांगितलं.

शनिवार, ६ डिसेंबर

नऊ वाजले. बसून राहिले. सव्वानऊला उठले आणि गणेशच्या दुकानात गेले. तो नुकतं शटर उघडत होता. मला बघून दुसऱ्या कंपनीचा तो फोन काढायला वाकला.

"तो नको. माझं कॉल वेटिंग चालू कर."

दोन मिनिटांचं काम. म्हणाला, बघून घेऊ या चालतंय का. दुकानातल्या लँडलाईनवरून मला फोन लावला, मी उचलला, रिसीव्हर काउंटरवर ठेवला. मग स्वतःच्या मोबाईलवरून पुन्हा माझाच नंबर लावला.

माझ्या कानात वाजलं. टूं-टूं. थांबून पुन्हा टूं-टूं. मोठा आवाज नाही. बोलणंही तुटत नाही त्याने. धून चालू असताना, ती बाई आपला कॉल महत्त्वाचा आहे म्हणत असताना, सहज ऐकू आला असता.

"झालं मॅडम," गणेश म्हणाला. "आता कोणाचा फोन चुकायचा नाय."

कंपनीचं पत्र आलं आहे, तक्रार निवारणाबाबत आपण किती समाधानी आहात म्हणून. उघडलं नाही. दीनाचा फोन अजून माझ्याकडेच आहे, नथानियलने मागितलेला नाही. ती यादी आज पुन्हा पाहिली. त्या चौदा घरांच्या नावांखाली माझंच नाव, तीन वेळा, तिन्हींपुढे बाहेर जाणारा बाण. शनिवारी तिने फोनला हात लावल्याचं साठ वर्षांत मला आठवत नाही.

तिकीट माझ्याकडे उघडं राहिलं आहे. ते लिहून ठेवते.

वरसे ते पेण. शनिवार, २९ नोव्हेंबर.
१०.१२. १०.१५. १०.३१.
बोलणं झालं नाही.
कारण: एंगेज.
ऑपरेटर: सुहासिनी टिपणीस.